मायक्रो-आरएनए आणि एमएस : वाढलं, पण कोणत्या पेशीत?

पेशीवेल्हाळ (धागाकर्ती)

एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिसच्या) मागच्या धाग्यावर कुणीतरी बातमी डकवली होती की आता रक्तातल्या मायक्रो-आरएनएवरून हा आजार ओळखता येणार आणि त्यांनाच वेसण घालून आटोक्यातही आणता येणार. खाली निम्मी मंडळी हरखलेली, निम्मी वैतागलेली. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय. माझं रोजचं काम टी पेशींशी (रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आहे, रुग्णांशी नाही. त्यामुळे "गोळी बदलू का" असले प्रश्न आपापल्या न्यूरॉलॉजिस्टसाठी राखून ठेवा.

पार्श्वभूमी पटकन उरकते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टन कुरतडते. २०२० च्या आकडेवारीनुसार जगात सुमारे २८ लाख लोकांना हा आजार आहे. सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीत होते आणि बायकांत प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त. हल्लेखोरांमध्ये टी पेशींच्या दोन टोळ्यांची नावं सतत येतात, टीएच-१ आणि टीएच-१७. त्यांना आवरतात त्या नियामक टी पेशी, म्हणजे टी-रेग. शिवाय प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी, रक्तातून आत शिरणारे, दिसेल ते गिळणारे मॅक्रोफेज आणि मेंदूतच मुक्कामाला असलेल्या तशाच मायक्रोग्लिया.

आता मायक्रो-आरएनए. साधारण २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा, ज्यापासून प्रथिन बनत नाही. १९९३ मध्ये व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत याचा छडा लावला. ही त्या कृमीचीच काहीतरी खोड असेल म्हणून फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २००० मध्ये लेट-७ नावाचा तुकडा कृमीपासून माणसापर्यंत जसाच्या तसा आढळला, तेव्हा धावपळ सुरू झाली. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं ते यासाठीच.

हा तुकडा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो आणि जुळणारा संदेशवाहक आरएनए (प्रथिन बनवायचा जनुकाचा निरोप) शोधत फिरतो. जुळायला लागतात ती मुख्यतः त्याची दुसरी ते आठवी अशी सात अक्षरं. जुळलं की त्या संदेशापासून प्रथिन बनणं मंदावतं किंवा तो संदेशच लवकर मोडीत निघतो. सातच अक्षरांचा मामला असल्यामुळे एकेका मायक्रो-आरएनएची शेकडो गिऱ्हाइकं असतात. आणि हे नीट लक्षात ठेवा, कारण बातम्यांमधून नेमकं हेच गळतं: एकेका प्रथिनावरचा परिणाम बहुधा माफक असतो, पूर्ण बंद क्वचितच. जोर येतो तो एकाच मार्गावरची अनेक प्रथिनं एकदम थोडीथोडी दाबली गेल्यामुळे.

एमएसमधलं गाजलेलं उदाहरण मिर-३२६ (मिर म्हणजे मायक्रो-आरएनए, पुढे त्याचा क्रमांक). २००९ मध्ये शांघायच्या एका गटानं दाखवलं की रिलॅप्स (आजार पुन्हा उफाळणं) चालू असलेल्या रुग्णांच्या पेशींत मिर-३२६ वाढलेलं असतं. हे दाबतं ईटीएस-१ नावाच्या प्रथिनाला, आणि ईटीएस-१ चं एक काम म्हणजे कोवळ्या टी पेशीला टीएच-१७ होण्यापासून रोखणं. म्हणजे रोखणाऱ्यालाच रोखलं, टीएच-१७ वाढल्या. उंदरांत मिर-३२६ अडवलं तर आजार सौम्य झाला, जास्त बनवायला लावलं तर बळावला.

"उंदरांत आजार" म्हणजे काय तेही सांगते. मायलिनमधल्या एमओजी नावाच्या प्रथिनाचा छोटा तुकडा, सोबत प्रतिकारशक्ती चेतवणारं तेलकट मिश्रण आणि डांग्या खोकल्याच्या जिवाणूचं विष असं टोचलं की दीडेक आठवड्यानं उंदराची शेपूट लुळी पडते. तो एक गुण. मागचे पाय अडखळायला लागले की दोन, पूर्ण लुळे पडले की तीन, असं पाचापर्यंत. या प्रारूपाला ईएई म्हणतात. तुम्ही वाचता त्या बहुतेक "एमएसवर नवा उपाय" छापाच्या बातम्यांच्या मुळाशी कुणीतरी रोज सकाळी अशी शेपटी उचलून पाहत असतं.

दुसरं मोठं नाव मिर-१५५. २०१० मध्ये दिसलं की हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना ईएई सहजासहजी होत नाही, कारण टीएच-१ आणि टीएच-१७ दोन्ही नीट तयार होत नाहीत. इथपर्यंत गोष्ट सरळ आहे: मिर-१५५ वाईट, ते दाबा. पण हेच मिर-१५५ टी-रेगमध्येही असतं, आणि तिथे ते चक्क हवं असतं. टी-रेगची ओळख ठरवणारं फॉक्सपी-३ प्रथिन स्वतःच मिर-१५५ वाढवतं, त्यामुळे एसओसीएस-१ हे वाढीला आवर घालणारं प्रथिन दबलेलं राहतं आणि टी-रेगची संख्या टिकून राहते. मेंदूतल्या ताज्या व्रणांमध्ये (मायलिन कुरतडलं गेलेल्या जागांमध्ये) तेच मिर-१५५ आणखी वेगळं काही करतं. २००९ मध्ये जर्मनीतल्या एका गटानं एमएस रुग्णांच्या मेंदूतले व्रण तपासले. सक्रिय व्रणांत मिर-१५५, मिर-३४ए आणि मिर-३२६ तिन्ही वाढलेली होती, आणि तिघांचंही एक समान गिऱ्हाईक निघालं, सीडी-४७. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असलं की मॅक्रोफेज तिला खात नाही. ते कमी झालं की मॅक्रोफेजवरचा लगाम सुटतो आणि मायलिन गिळणं सोपं होतं.

एकच तुकडा तीन ठिकाणी तीन कामं करतो. म्हणून "एमएसमध्ये मिर-१५५ वाढतं" या वाक्याला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. कोणत्या पेशीत वाढतं हे सांगा, मग बोलू. या धाग्यावर मला एवढंच भांडायचं आहे. :)

---

अक्षरशत्रू

वाचनखूण साठवली. ईटीएस, सीडी, एसओसीएस... बँकेच्या आयएफएससी कोडसारखी नावं ठेवणाऱ्यांना कुणी बोलत कसं नाही? तरी वाचतोय, येऊ द्या.

---

शंकेखोर

लेख आवडला, विशेषतः शेपटीचा भाग. पण ताई, तुम्ही स्वतःच टाकलेल्या पायावर मला कुदळ मारायची आहे.

ईएई हा टीएच-१७ चा आजार आहे हे मान्य. उंदरात इंटरल्यूकिन-२३, म्हणजे टीएच-१७ ना पोसणारा संदेशक रेणू, काढून घेतलं तर ईएई होतच नाही. त्यावरून मोठ्या आशेनं उस्टेकिनुमॅब हे इंटरल्यूकिन-१२ आणि २३ दोन्ही अडवणारं औषध एमएसच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. २००८ मध्ये निकाल आला: काहीही उपयोग नाही. सोरायसिसमध्ये तेच औषध छान चालतं. उलट बी पेशी काढून टाकणारी ऑक्रेलिझुमॅबसारखी औषधं एमएसमध्ये जोरदार चालली, आणि नेहमीच्या एमओजी तुकड्याच्या ईएईत बी पेशींची जवळजवळ गरजच लागत नाही. मग मिर-३२६ नं टीएच-१७ वाढल्या, उंदीर लुळा पडला, यावरून माणसाबद्दल आपण नेमकं काय शिकलो?

दुसरं, रुग्णांत वाढलेलं दिसणं हे कारण की परिणाम? दाह झाला की शंभर गोष्टी वाढतात.

---

पेशीवेल्हाळ

शंकेखोर, कुदळ योग्य जागी पडली. उस्टेकिनुमॅबचा धक्का आमच्या क्षेत्रात अजून पुरता पचलेला नाही. तरी दोन गोष्टी सांगते. एक, सेक्युकिनुमॅब हे टीएच-१७ पेशी सोडतात ते इंटरल्यूकिन-१७ थेट अडवणारं औषध एमएसच्या एका लहानशा चाचणीत दिलं तेव्हा एमआरआयवरचे ताजे व्रण कमी झालेले दिसले होते. म्हणजे टीएच-१७ चं खातं पूर्ण बंद झालेलं नाही. दोन, सीडी-४७ ची गोष्ट उंदरातली नाही, माणसाच्या व्रणातली आहे, आणि तिथे नायक टी पेशी नसून मॅक्रोफेज आहे. म्हणूनच ती मला मिर-३२६ च्या मूळ गोष्टीहून जास्त भरवशाची वाटते, जरी तिला प्रसिद्धी कमी मिळाली.

कारण की परिणाम, याचं सगळ्यात चांगलं उत्तर जनुकशास्त्राकडून येतं, कारण जनुकातला बदल आजाराच्या आधीपासून असतो. एमएसचा धोका किंचित वाढवणारे दोनशेहून अधिक बदल आता माहीत आहेत आणि त्यातले बहुतेक रोगप्रतिकारक पेशींच्या जनुकांच्या आसपास आहेत. त्यातला एक सीडी-५८ या जनुकाच्या आत, मिर-५४८एसी ज्यातून कापून निघतं नेमक्या त्या वळशात बसलेला आहे. धोक्याची प्रत असेल तर मिर-५४८एसी जास्त निघतं आणि सीडी-५८ कमी बनतं. म्हणजे आरएनएच्या एकाच धाग्यातून दोन माल निघतात आणि कात्री कुठे चालते त्यावर त्यांचं प्रमाण ठरतं. इथे तरी मायक्रो-आरएनएतला बदल दाहाचा परिणाम आहे असं म्हणता येत नाही. अर्थात अशा एका बदलानं कुणाला एमएस होत नाही, धोका जरासा सरकतो इतकंच.

आणि मायक्रो-आरएनए मुळात टी-रेगसाठी किती महत्त्वाची, यावर २००८ चे प्रयोग आहेत. मायक्रो-आरएनए कापून तयार करणारं डायसर हे विकर फक्त टी-रेगमधून काढून टाकलं. बाकी सगळ्या पेशी शाबूत. तरीही उंदरांना सर्वांगभर स्वयंप्रतिकार आजार होऊन ते काही आठवड्यांत दगावले, जणू त्यांच्यात टी-रेग नव्हत्याच. कुठली एक मिर जबाबदार हे त्यातून कळत नाही, पण या यंत्रणेवाचून टी-रेग शिस्त राखू शकत नाहीत हे पक्कं कळतं.

---

गोधडी

माझ्या धाकट्या भावाला एमएस आहे, म्हणून या धाग्यावर आले. निम्मं डोक्यावरून गेलं, पण मुद्दा पोचला असं वाटतंय. म्हणजे मायक्रो-आरएनए हे चालू-बंद करायचं बटण नाही, आवाज लहान-मोठा करायचा खटका आहे, आणि एकाच खटक्यानं वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळी गाणी वाजतात. बरोबर?

माझा प्रश्न साधा आहे. भावाच्या रक्तातली मिर-१५५ किंवा मिर-३२६ तपासून पुढचा रिलॅप्स केव्हा येणार ते कळेल का? त्याला सगळ्यात जास्त छळते ती ही अनिश्चितता.

---

मज्जारज्जू

गोधडीताई, खटका आणि खोल्या अगदी बरोबर.

मी रुग्ण पाहतो, म्हणून प्रश्नाचं उत्तर मी देतो: नाही. आज कुठल्याही देशाच्या मार्गदर्शक सूचनांत एमएससाठी मायक्रो-आरएनएची चाचणी नाही. निदान होतं ते लक्षणं, एमआरआय आणि पाठीतून काढलेल्या पाण्यावरून. दाह किती चालू आहे याचा रक्तातून अंदाज घ्यायचा तर न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे प्रथिन मायक्रो-आरएनएच्या बरंच पुढे गेलेलं आहे. तंतू तुटले की ते रक्तात झिरपतं, त्यामुळे त्याचा अर्थही सरळ लागतो.

मायक्रो-आरएनए मागे का पडली, तर नमुन्यापासूनच भानगड सुरू होते. लाल रक्तपेशींमध्ये मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेली असतात. सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलवली, नमुना तासन् तास पडून राहिला, की थोड्या लाल पेशी फुटतात आणि पिवळसर प्लाझ्माला गुलाबी झाक येते. झालं, त्या दोघींचे आकडे गगनाला. आणि मौज अशी की कितीतरी जुन्या अभ्यासांत इतर मायक्रो-आरएनए मोजायला आधार म्हणून मिर-१६ च वापरलेली आहे. फूटपट्टीच नमुन्यागणिक लांब-आखूड होत असेल तर मापाचं काय व्हायचं! हल्ली चांगल्या प्रयोगशाळा मिर-४५१ ची तुलना मिर-२३ए शी करून आधी नमुना फुटला आहे का ते बघतात आणि मगच पुढे जातात. प्लाझ्मा घेतला की सीरम, प्लेटलेट नीट बसवल्या की नाही, यानंही आकडे हलतात.

आता पेशीवेल्हाळांचा मुद्दा दवाखान्याच्या बाजूनं. फिंगोलिमॉड हे एमएसवरचं औषध लिंफोसाइटना (टी आणि बी पेशी त्यातल्याच) लसिकाग्रंथींत कोंडून ठेवतं. अशा रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेऊन मायक्रो-आरएनए मोजल्या तर डझनावारी बदललेल्या दिसतील. पण एकाही पेशीच्या आत काही बदललेलं नसेल! पेशींची सरमिसळ बदलली, लिंफोसाइट घटल्या, म्हणून त्यांच्यात भरपूर असणारी मिर-१५० घटलेली दिसते आणि मिर-२२३ सारखी मायलॉइड पेशींतली (मॅक्रोफेजच्या कुळातल्या पेशींतली) वर गेलेली भासते. असे शोधनिबंध परीक्षणासाठी आले तर मी परत पाठवतो.

---

शंकेखोर

परीक्षकांनी असं स्पष्ट लिहिलं तर निम्मी जर्नलं बंद पडतील. :)

+१ मज्जारज्जू. माझी भर संख्याशास्त्राची. एका बाजूला वीसेक रुग्ण, दुसऱ्या बाजूला तितकेच निरोगी, आणि एका चिपवर मोजलेल्या शेकडो मायक्रो-आरएनए. यातून दहा-बारा "लक्षणीय" निघायलाच हव्यात, नुसत्या योगायोगानं. दुसरा गट तोच खेळ करतो आणि त्याच्या दहा-बारा वेगळ्या निघतात. याद्या शेजारी ठेवल्या की समाईक नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

---

पेशीवेल्हाळ

मज्जारज्जू, फिंगोलिमॉडचं उदाहरण लेखातच हवं होतं. त्याला जोड म्हणून मिर-१५० चीच एक चांगली बाजू सांगते, नाहीतर गोधडीताईंना वाटेल सगळा बोऱ्याच आहे.

स्वीडनमधल्या एका गटानं २०१६ मध्ये बऱ्याच मोठ्या संख्येनं रुग्णांचं पाठीतलं पाणी तपासलं. एमएस असलेल्यांत मिर-१५० वाढलेली होती. मग नॅटालिझुमॅब सुरू केलेल्या रुग्णांत काय होतं ते पाहिलं. हे औषध लिंफोसाइटना मेंदूत शिरू देत नाही. औषधानंतर पाण्यातली मिर-१५० उतरली आणि रक्तातली चढली. म्हणजे पेशी जिथे अडकल्या तिथे त्यांची मिर-१५० अडकली. इथे मायक्रो-आरएनए आजाराचं "कारण" म्हणून मिरवत नाही. पेशी कुठे आहेत याचा पत्ता देते, आणि औषधाची कृती माहीत असल्यानं तो पत्ता खरा आहे का हे पडताळताही येतं. मला हा अभ्यास त्याच्या साधेपणामुळे आवडतो.

दुसरा, जरा चक्रावणारा. मायक्रो-आरएनए फक्त पेशीच्या पोटात राहत नाहीत. पेशी एक्झोसोम नावाचे बारीक बुडबुडे रक्तात सोडतात, त्यातूनही त्या प्रवास करतात. २०१८ मध्ये जपानच्या एका गटानं दाखवलं की एमएस रुग्णांच्या एक्झोसोममध्ये लेट-७आय जास्त असतं. निरोगी माणसाच्या कोवळ्या टी पेशींवर हे एक्झोसोम टाकले की त्यांच्यापासून टी-रेग कमी तयार होतात, कारण लेट-७आय टीजीएफ-बीटा आणि आयजीएफ-१ या संदेशक प्रथिनांच्या रिसेप्टरना (पेशीवरच्या त्यांच्या ग्राहकांना) दाबतं. म्हणजे टी-रेगची भरती पेशीच्या बाहेरून आलेल्या पाकिटामुळे रोखली जाते. आता "कोणत्या पेशीत" या माझ्या प्रश्नाला "आणि कोणत्या पेशीतून आलं" असं शेपूट जोडावं लागतं.

---

बिनीचा_शिलेदार

एपस्टाइन-बार विषाणूचा विषय निघालाच नाही? २०२२ च्या अमेरिकन सैनिकांच्या अभ्यासात एक कोटीहून जास्त लोकांचे जपून ठेवलेले नमुने होते, आणि या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट झाला असं आलं होतं. विषाणूंच्याही स्वतःच्या मायक्रो-आरएनए असतात म्हणे. मग हा सगळा खेळ विषाणूच तर खेळत नसेल?

---

पेशीवेल्हाळ

शिलेदार, वाटच पाहत होते कुणी विचारतंय का याची.

विषाणूंमध्ये मायक्रो-आरएनए असतात हे जगाला पहिल्यांदा कळलं तेच मुळी एपस्टाइन-बारमुळे, २००४ मध्ये. या विषाणूच्या जनुकसंचात चाळीसहून अधिक मायक्रो-आरएनए आहेत. हा विषाणू बी पेशीत दबा धरून बसतो, आणि गप्प असताना प्रथिनं फारशी बनवत नाही. प्रथिन दिसलं की टी पेशी त्याला पकडतात. मायक्रो-आरएनएला कोण पकडणार? तिच्यापासून प्रथिन बनतच नाही. त्यामुळे यजमान पेशीचे संदेश दाबून टी पेशींच्या नजरेआड राहायला हे फार सोयीचं हत्यार आहे. भरीला विषाणूचं एलएमपी-१ हे प्रथिन बी पेशीच्या स्वतःच्या मिर-१५५ आणि मिर-१४६ए वाढवतं.

मिर-१४६ए चं नाव लेखात राहूनच गेलं. दाह पेटवणारा एनएफ-कॅपा-बी हा मार्ग सुरू झाला की तोच मार्ग मिर-१४६ए बनवतो, आणि मिर-१४६ए उलट फिरून त्याच मार्गावरच्या ट्रॅफ-६ आणि इरॅक-१ या दोन प्रथिनांना दाबते. पेटवणाऱ्यानंच विझवायची सोय केलेली. टी-रेगमधून ती काढून टाकली तर टीएच-१ पेशी मोकाट सुटतात, कारण टी-रेगमध्ये स्टॅट-१ हे संदेश पोचवणारं प्रथिन वाजवीपेक्षा जास्त वाढतं. म्हणून रुग्णाच्या रक्तात मिर-१४६ए वाढलेली दिसली की मला लगेच घाबरायला होत नाही. ती आगही असू शकते आणि अग्निशमनही.

तुमच्या प्रश्नाला उत्तर असं: विषाणूशी एमएसचा संबंध खूप भक्कम आहे. पण जवळजवळ सगळ्याच प्रौढांच्या अंगात तो असतो आणि एमएस फार थोड्यांना होतो. मधल्या साखळीत विषाणूच्या मायक्रो-आरएनए एक कडी असतील, हे पटण्यासारखं आहे, सिद्ध झालेलं नाही.

---

आडवाटेवरची

सुरेख धागा, प्रतिसाद तर त्याहून. मी औषधनिर्मितीच्या बाजूची. "वेसण घालून आजार आटोक्यात" या अर्ध्या बातमीवर लिहिते.

मायक्रो-आरएनए अडवायची तर तिला पूरक अक्षरांचा, रासायनिक बदल करून टिकाऊ केलेला छोटा तुकडा द्यायचा. हे माणसात करता येतं हे मिराव्हिरसेननं दाखवलं. ते यकृतातली मिर-१२२ अडवतं आणि हिपॅटायटिस-सी च्या रुग्णांत विषाणू खाली आला होता, २०१३ ची गोष्ट. यकृत सोपं, टोचलेलं बरंचसं तिथेच जातं. टी पेशींना पत्ता लिहून पाकीट पाठवणं अजून अवघड आहे, आणि मेंदूच्या आत पोचवायचं तर रक्त आणि मेंदूमधली भिंतही ओलांडायची. मिर-१५५ अडवणारं कोबोमार्सेन लिंफोमाच्या रुग्णांवर तपासलं गेलं, बाजारात पोचलं नाही.

उलट दिशेनं, म्हणजे मायक्रो-आरएनए बाहेरून पुरवायची, तर एमआरएक्स-३४ ची कथा वाचावी. कर्करोगासाठी मिर-३४ए ची नक्कल द्यायची होती. २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली, कारण रोगप्रतिकारक यंत्रणेशी निगडित गंभीर दुष्परिणाम झाले आणि रुग्ण दगावले. लेखात मिर-३४ए कुठे आली होती आठवतं? एमएसच्या सक्रिय व्रणात.

एमएसवाल्यांनी डोळा ठेवावा अशी मिर-१२४. २०११ मध्ये दिसलं की शांत मायक्रोग्लियांत ती भरपूर असते, आणि ईएई झालेल्या उंदरांना टोचली तर मॅक्रोफेज थंडावतात, आजार ओसरतो. सी/ईबीपी-अल्फा आणि पीयू-१ हा मॅक्रोफेजना चेतवणारा मार्ग ती दाबते. ती शरीरालाच जास्त बनवायला लावणारी ओबेफाझिमॉड नावाची तोंडावाटे घ्यायची गोळी मोठ्या आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत गेली आहे. एमएससाठी नाही, हे ठळक करून घ्या.

---

शंकेखोर

कोलायटिसमध्ये चाललं म्हणून एमएसमध्ये चालेल असं कुणी म्हणायच्या आत इतिहास नोंदवतो. टीएनएफ हे दाह भडकवणारं प्रथिन अडवणारी औषधं संधिवातात आणि आतड्याच्या दाहात वरदान ठरली. एमएसमध्ये लेनेरसेप्ट हे त्याच जातीचं औषध दिलं तर रिलॅप्स वाढले, निकाल १९९९ चा. त्याआधी १९८७ मध्ये गॅमा इंटरफेरॉन हे रोगप्रतिकारक पेशींचंच एक संदेशक प्रथिन देऊन पाहिलं होतं, १८ पैकी ७ जणांना उपचार चालू असतानाच रिलॅप्स आला. ही एकेका रेणूवर काम करणारी औषधं होती. आणि आपण बोलतोय शेकडो गिऱ्हाइकं असलेल्या गोष्टीला हात घालण्याबद्दल.

---

आडवाटेवरची

म्हणूनच मला हल्ल्यापेक्षा दुरुस्तीची बाजू जास्त खुणावते. मिर-२१९ आणि मिर-३३८ या दोघी अपरिपक्व पेशींना मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट व्हायला लावतात. मिर-२१९ ची नक्कल दिली तर उंदरांत नवं मायलिन चढणं सुधारतं असंही २०१७ मध्ये दिसलं. विषय रोगप्रतिकारक पेशींचा आहे, म्हणून इथे थांबते. वेगळा धागा काढीन.

---

अक्षरशत्रू

काढाच. आणि त्यात आयएफएससी कोड कमी ठेवा ही नम्र विनंती.

---

गोधडी

सगळ्यांचे आभार. चाचणी नाही हे ऐकून वाईट वाटलं, पण निदान का नाही ते समजलं. एक शेवटचं विचारते. भावाच्या रुग्णालयात मायक्रो-आरएनएच्या अभ्यासासाठी रक्त देणार का असं विचारलंय. द्यावं का? त्याला काही फायदा?

---

मज्जारज्जू

त्याला स्वतःला थेट फायदा नाही, हे ते संमतीपत्रातही लिहितील. द्यायला हरकत काहीच नाही, नेहमीच्या तपासणीसोबत एखादी नळी जास्त जाईल. मी असतो तर देताना दोन गोष्टी विचारल्या असत्या. रक्तातल्या पेशी प्रकारानुसार वेगळ्या करून मोजणार की सगळं एकत्र? आणि निकाल दुसऱ्या रुग्णगटात पडताळणार का? यावर नीट उत्तर मिळालं तर अभ्यास विचारपूर्वक आखलाय असं समजा.

आणि त्यांच्या अर्जावर औषधांचा रकाना असेल तो त्यानं स्वतः बसून भरावा. कोणतं औषध, केव्हापासून, शेवटचा डोस कधी, आणि गेल्या काही आठवड्यांत स्टेरॉइडची सलाइन लागली होती का. स्टेरॉइडनं लिंफोसाइटची संख्याच हलते, आणि ही नोंद राहून गेली की त्या नळीतला आकडा कुणालाच उलगडत नाही. ताजा रिलॅप्स असेल तर तारीखही लिहायची. मुलाखत घेणारा घाईत असतो, हा रकाना हमखास रिकामा राहतो.

---

पेशीवेल्हाळ

मज्जारज्जूंशी सहमत. एक पुस्ती: सर्दी-ताप, लस किंवा दुसरा कुठला संसर्ग नुकताच झाला असेल तर तेही सांगा, जमलं तर रक्त दोन-तीन आठवडे पुढे ढकलता येईल का विचारा. साध्या फ्लूनंसुद्धा मिर-१५५ आणि मिर-१४६ए हलतात.

आडवाटेवरची, मिर-२१९ च्या धाग्याचा दुवा इथे नक्की डकवा.